एलायझा ब्रॅकनचा स्वयंपाकी

"सुतळी संपली," आल्मा म्हणाली.

कुणी वर पाहिले नाही. जाळी विणायच्या त्या लांबट माळ्यावर पंचवीसएक बायका आडव्या बहालाला जाळी टांगून उभ्या होत्या. लाकडी सुया खालीवर होत होत्या, गाठी आवळल्या जात होत्या. एरवी एकीने सुतळी मागितली की तिघींचे हात पुढे येत. आज सुतळीचा गुंडा थर्झाच्या पायाशी पडला होता आणि थर्झाचे पाय तिथून हलत नव्हते. आल्माने जरा वाट पाहिली आणि स्वतःच वाकून गुंडा उचलला. थर्झा तिच्या सख्ख्या भावाची बायको. महिन्यापूर्वी विधवा झालेली. वाकताना आल्माला वाटले, ही आता काहीतरी बोलेल, निदान एखादी शिवी तरी देईल. थर्झाने नुसता झग्याचा काठ बाजूला घेतला, रस्त्यातल्या चिखलापासून घ्यावा तसा.

युद्धाचा तो पहिला उन्हाळा होता. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ग्रिम्स्बीच्या गोदीत मासे कमी आणि आरमाराची माणसे जास्त दिसत होती. माळ्यावरच्या बायकाही माशांची जाळी सोडून तोफा झाकायची जाळी विणू लागल्या होत्या.

आल्माच्या घरात 'एलायझा ब्रॅकन' हे नाव एखाद्या नातलग बाईसारखे घेतले जाई. आदल्या युद्धानंतर बांधलेला तो कोळशावर चालणारा मासेमारीचा ट्रॉलर. आइसलँडपर्यंत, कधी त्याच्याही वर बर्फात जाऊन तीन-तीन आठवड्यांनी परतायचा. आल्माचा भाऊ एनॉक ऑझर्बी पहिल्या फेरीपासून त्याच्यावर होता आणि चढत चढत कप्तानाच्या खालोखाल पोचला होता. आल्माचा नवरा स्वेंड क्राग त्याच जहाजावर स्वयंपाकी. स्वेंड मूळचा डेन्मार्कचा. तरुणपणी एका डॅनिश होडीतून आला आणि तापाने फणफणून ग्रिम्स्बीतच मागे राहिला. एनॉकनेच त्याला खांद्यावर टाकून आईच्या घरी आणले होते. ताप उतरल्यावर तो त्या घरात जेवू लागला, मग रांधू लागला आणि शेवटी घरच्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला. एनॉकनेच त्याला एलायझावर चिकटवले. पुढे त्याने राजाच्या नावाने शपथ घेतली, कागदोपत्री इंग्रज झाला. जिभेवरचा डेन्मार्क मात्र काही गेला नाही.

युद्ध जाहीर होण्याच्या सुमारास आरमाराने गोदीतली चांगली जहाजे हेरली, त्यांत एलायझाही गेली. जाळी, दोर, लाकडी फळ्या सगळे धक्क्यावर ओढून टाकले. माशांचे कोठार खरवडून तिथे झोपायच्या फळ्या ठोकल्या. वास मात्र तिथेच राहिला. अंगाला राखाडी रंग फासला, पुढच्या टोकाला, नाळेवर, मागच्या युद्धातली तोफ बसवली. म्हातारा कप्तान जोसाया ब्लँचर्ड याला वयामुळे घरी बसवले आणि त्याच्या जागी एक तरुण अधिकारी आला, वकिलाच्या कचेरीत काम करणारा आणि रविवारी शिडाच्या होडीत फिरणारा. बाकी माणसे तीच. हंबर नदीच्या मुखाशी जाऊन रोज पाणसुरुंग काढायचे, हे काम. अंगण झाडावे तसा समुद्र झाडायचा आणि शत्रूने पुन्हा घाण करून ठेवायची.

एप्रिलात एका सकाळी जर्मनांनी डेन्मार्क घेतला. स्वेंडचे सूप उकळायच्या आत घेतला, असे जहाजावर कुणीतरी म्हणाले. आधी चेष्टा झाल्या. आज सुपात काय घातलेस रे, आम्ही उद्या उठणार ना, अशा. स्वेंडही हसायचा. मग एलायझाने झाडलेल्याच वाटेवर दोन कोळशाची जहाजे बुडाली आणि चेष्टा बंद झाल्या. घरी आल्यावर स्वेंड म्हणाला होता, की चेष्टा करत होते तेच बरे होते.

आणि मे महिन्यात ते घडले. ढगातून एक विमान उतरले, सरळ एलायझावर आले. सुकाणूची खोली उडाली, मागच्या बाजूचा भटारखाना चाळणीसारखा झाला. सात माणसे गेली. अधिकारी गेला, तोफेशी उभा असलेला एनॉक गेला, आणि भटारखान्यातला स्वयंपाकीही गेला. पण तो स्वयंपाकी स्वेंड नव्हता. त्याच आठवड्यात शेजारच्या हल बंदरातून आलेला कुणी नवा माणूस होता.

स्वेंड दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आला. हाताला पांढरी पट्टी होती. भाजले म्हणून आरमाराच्या दवाखान्यात ठेवले होते, असे त्याने सांगितले. आल्मा त्याच्या छातीवर डोके ठेवून भावासाठी रडली आणि नवरा वाचला म्हणूनही रडली.

पट्टी बदलायला घेतली तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. हात भाजला होता खरा, पण ते भाजणे जुने होते. मागच्या खेपेला घरी आला तेव्हाच तिने त्याच्यावर लोणी लावले होते. आता तर खाली कोवळी गुलाबी कातडी धरली होती. एवढ्यासाठी कुठले आरमार माणसाला दवाखान्यात ठेवते? तिने विचारले नाही. नवी पट्टी बांधली, गाठ मारली, आणि त्या गाठीबरोबर तिच्याही मनाला एक गाठ बसली.

गावाला पट्टी सोडून बघायची गरज नव्हती. विमान सरळ आले, आणि डेन, म्हणजे डेन्मार्कचा स्वेंड, तेवढा जहाजावर नव्हता. एवढे पुरेसे होते. खाटीक आल्माला सगळ्यांत शेवटी मांस देऊ लागला. चॅपलमध्ये तिच्या बाकावर ती एकटीच बसू लागली. एका सकाळी दारावर डांबराने लिहिलेले दिसले: सुटलास कसा? स्वेंड दिवसभर रॉकेलने ते घासत बसला. आल्मा खिडकीतून त्याच्या पाठीकडे बघत होती आणि तिला स्वतःचीच लाज वाटली, कारण दारावरचा प्रश्न तिचाही होता.

शंकेला औषध नसते. स्वेंड रेडिओजवळ बसला की तिला वाटे, हा इतका कान देऊन काय ऐकतो? झोपेत डॅनिश बोलला की ती जागी राहून शब्द ओळखू पाही. वीस वर्षांत तिला पाव, मीठ, आई एवढेच शब्द आले होते. तो रोज चहा झाला की टोपी घालून बाहेर पडे आणि कुठे जातो ते सांगत नसे. एकदा तो अंगणात असताना तिने त्याचा कोट खुंटीवरून काढला आणि खिसे उलटून पाहिले. तंबाखू, पावाचा कोरडा तुकडा, बाकी काही नाही. कोट तिने घाईने परत टांगला.

मग एक दिवस ती त्याच्या मागे गेली. तो गोदीच्या कडेने चालत दुरुस्तीच्या धक्क्यासमोर जाऊन उभा राहिला. पलीकडे एलायझा उभी होती, सुकाणूच्या खोलीच्या जागी वाकडे लोखंड घेऊन. स्वेंड नुसता बघत होता. थोड्या वेळाने पहारेकरी आला, त्याने स्वेंडचे ओळखपत्र उलटसुलट करून पाहिले आणि त्याला हाकलले. स्वेंड वाद न घालता निघाला. आल्मा माशांच्या पेट्यांआड सरली. त्या वेळी तिला दोन्ही गोष्टी एकदमच वाटल्या: हा माणूस कुणाचे वाईट करणार नाही, आणि गुन्हा केलेला माणूसच असा पुन्हापुन्हा त्या जागी येतो. कुठेतरी पाणी मुरत होते आणि ते कुठे, हे कळल्याशिवाय तिला जेवण जाणार नव्हते.

एलायझावरून वाचलेल्यांपैकी क्लिफ मंबी नावाचा, कोळसा टाकणारा भट्टीवाला इस्पितळात होता. दोन्ही पाय भाजलेले. आल्मा बसायला आली तशी त्याने मान भिंतीकडे केली. गावाप्रमाणे हाही तोंड फिरवतो, असे तिला वाटले. पण तो म्हणाला, "क्रागबाई, मला नका विचारू."

"काय नको विचारू?"

आल्मा उठली नाही. शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकला, परिचारिका आली, गेली. शेवटी क्लिफनेच सांगायला सुरुवात केली, भिंतीकडेच बघत. हल्ल्याच्या आधीच्या गुरुवारी आरमाराचे दोन जण धक्क्यावर आले आणि स्वेंडला भटारखान्यातून उतरवून घेऊन गेले. त्याच्या अंगावरचा एप्रनही काढू दिला नाही. का, ते सगळ्यांना ठाऊक होते. आदल्या आठवड्यात आसऱ्याला आलेली एक डॅनिश होडी एलायझाला लागून उभी होती. स्वेंड कठड्यावरून त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलला आणि त्याने एक पुडके खाली दिले. ते कुणीतरी पाहिले आणि अधिकाऱ्याच्या कानावर घातले.

"कुणी?" आल्माने विचारले.

"पुडक्यात पाव होता, बाई. नंतर आम्हाला कळलं. पाव आणि चहा."

"कुणी सांगितलं, क्लिफ?"

"तुमच्या एनॉकनं," तो म्हणाला. "पण त्याला वाटलं होतं नुसतं विचारतील नि सोडतील. नेला तेव्हा तो तिथंच उभा होता. त्यानंतर भटारखान्याकडं फिरकला नाही. नव्या माणसानं चहा आणून दिला तरी तसाच गार व्हायचा. तो गेल्यावर हे कुठं बोलायचं नाही, असं आम्ही वाचलेल्यांनी ठरवलं."

आल्मा इस्पितळातून घरी कशी आली हे तिला आठवत नव्हते. स्वेंड स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. ती समोर बसली.

"एनॉकनं तुला उतरवलं."

सुरी थांबली. "कोण म्हणालं?"

"क्लिफ मंबी."

"क्लिफनं गप्प बसायला हवं होतं." त्याने पुन्हा सोलायला घेतले.

"तू मला खोटं सांगितलंस, स्वेंड."

"सांगितलं. त्यांनी मला कोठडीत ठेवलं, चार प्रश्न विचारले नि सोडलं. सोडताना सांगितलं, सात माणसं गेली, तुझा मेव्हणाही गेला. घरी आलो तर तू त्याच्यासाठी रडत होतीस. त्याला अजून पुरलाही नव्हता. तेव्हा काय सांगू, की तुझ्या भावानं मला जर्मनांचा माणूस म्हणून धरून दिलं? तुला नीट रडू तरी द्यावं म्हटलं."

"आणि नंतर?"

"नंतर सांगायची वेळ निघून गेली."

त्याने बटाटा पाण्यात टाकला. त्या होडीवरचा एक जण त्याच्याच गल्लीतला निघाला होता. आई जिवंत आहे का एवढेच तो विचारत होता, असे त्याने सांगितले. एनॉकने तिथल्या तिथे विचारले असते तर त्यालाही सांगितले असते. मग सुरी पुसत, आवाज न चढवता तो म्हणाला, "आणि आल्मा, खिसे बघितलेस तर अस्तर आत सारत जा. बाहेर लोंबत राहतं."

आल्माने दोन्ही हातांनी तोंड झाकले. भावाने एकदाच संशय घेतला होता. ती तो महिनाभर उशाशी घेऊन झोपली होती. स्वेंडने बटाटे चुलीवर चढवले आणि थर्झाला हे बोलू नकोस, तिला दोन मुली आहेत, एवढे बजावले.

पण आल्मा गेली. थर्झाचे घर मागच्या बोळापलीकडेच होते. तिने दार उघडले आणि आल्माचा चेहरा पाहून बाजूला झाली.

"तुला ठाऊक होतं," आल्मा म्हणाली.

थर्झा खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "त्या शुक्रवारी घरी आला, जेवला नाही. मला म्हणाला, थर्झा, मी स्वेंडचं नाव घेतलं. पुढची फेरी करून आलो की कचेरीत जातो, चूक झाली म्हणून सांगतो. त्यांनी तोवर त्याला सोडलं नाही तर त्याच्याऐवजी मला ठेवा म्हणतो." तिचा आवाज कोरडा होता. "आला तो कापडात गुंडाळून."

"मग हे तू माळ्यावर का नाही सांगितलंस? माझ्याकडं बघत नाहीस तू. झगा सावरतेस."

"सांगितलं असतं तर लोकांनी अर्धंच ऐकलं असतं. चुगली केली, एवढं. चूक कबूल करणार होता, ते कोण ऐकतं? सातजणांत तो एक वीर आहे म्हणून माझ्या पोरींना शाळेत जागा करून देतात. ते पण घालवू?"

आल्माला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि तिच्या गळ्यात पडून रडावेसेही वाटले. तिने दोन्हींतले काहीच केले नाही. "मी सांगणार नाही," ती म्हणाली. "स्वेंडला नको आहे. पण तू माझ्या शेजारी उभी राहत जा. काही बोलू नकोस. नुसती उभी राहा."

दुसऱ्या दिवशी माळ्यावर थर्झा आपल्या नेहमीच्याच जागी, आल्मापासून लांब, उभी होती. त्याच्या पुढच्या दिवशीही.

युद्ध असेच सरले. रोज जिना चढताना आल्माला वाटे, आज बोलून टाकावे. वर जाऊन ती सुई भरे आणि गाठी मारत राही. स्वेंडला आरमाराने परत घेतले नाही, काढल्याचे कारणही कुणाला सांगितले नाही. तो मासे धुरावण्याच्या भट्टीत राबला. कपड्यांना धुराचा वास आणि डोळे कायम लाल. लोकांचा राग हळूहळू बोथट झाला. नवी दुःखे आली, नवी नावे आली. तरी दारूच्या गुत्त्यात तो शिरला की एखादा माणूस पेला उचलून दुसऱ्या टेबलावर जाई. त्या एका माणसापुरता का होईना, संशय पुरून उरला.

एलायझा मात्र पुन्हा उभी राहिली. तिला नवी सुकाणूची खोली ठोकली, दुसरा अधिकारी दिला, दुसरा स्वयंपाकी दिला आणि समुद्र झाडायला पाठवले. युद्ध संपल्यावरही उरलेले सुरुंग वेचत ती महिनोन्‌महिने हिंडली. मग आरमाराने तिला मालकांच्या हवाली केले. राखाडी रंगाखालून जुना काळा रंग निघाला. तोफ उतरवली त्या जागी डेकवर वेगळ्या रंगाचे गोल ठिगळ राहिले. म्हातारा जोसाया ब्लँचर्ड शेवटच्या काही फेऱ्यांसाठी परत आला आणि पहिल्याच दिवशी भट्टीत येऊन स्वेंडला म्हणाला, की पोटाचे हाल फार झाले, आता चल.

स्वेंडने टोपी हातात घेऊन बराच वेळ विचार केला आणि हो म्हटले. दुसऱ्याच दिवशी दोन खलाशांनी जोसायाला कळवले, डेनच्या हातचे खायचे असेल तर आम्ही येत नाही.

ही बातमी माळ्यावर पोचायला वेळ लागला नाही. बहालाला एलायझाचेच नवे जाळे टांगले होते, सहा-सात वर्षांनी विणलेले पहिले. एकजण कुजबुजल्यासारखे पण आल्माला ऐकू जाईल असे म्हणाली, की त्या दोघांचे काय चुकले, सात माणसे उगीच नाही गेली. आल्मा गाठ मारत राहिली. बोटे आपोआप चालत होती.

तेवढ्यात थर्झा बोलली. तिने मान वर केली नाही, सुईसुद्धा थांबवली नाही.

"स्वेंड त्या दिवशी जहाजावर नव्हता, कारण आमच्या एनॉकनं त्याला उतरवला होता. कारण नसताना. मला त्यानं स्वतः सांगितलं. स्वेंडला ठाऊक होतं, आल्माला ठाऊक होतं, दोघं गप्प बसले. माझ्यासाठी." तिने धागा दातांनी तोडला. "आता बोला काय बोलायचं ते."

माळ्यावर फक्त सुया चालल्याचा आवाज होता. एनॉकला चूक दुरुस्त करायची होती, हे थर्झाने सांगितले नाही. ते तिने स्वतःपाशीच ठेवले. घरी जाताना जिन्यावर आल्मा तिच्यासाठी थांबली, पण थर्झा दुसऱ्या बाजूने उतरून गेली.

त्या दोघा खलाशांपैकी एक जोसायाकडे जाऊन टोपी काढून उभा राहिला. दुसरा आला नाही. त्याने दुसरे जहाज धरले.

एलायझा सोमवारी सकाळच्या भरतीला सुटली. स्वेंडने उंबऱ्यावर आल्माचा नुसता खांदा दाबला. धक्क्यावर निरोप द्यायला ग्रिम्स्बीत कुणाचीच बायको जात नाही. आणखी एक रीत आहे, ज्या घरचा माणूस समुद्रावर निघतो त्या घरात त्या दिवशी कपडे धुवायचे नाहीत. धुण्याच्या पाण्याबरोबर माणूस वाहून जातो म्हणतात. सोमवार म्हणजे साऱ्या गल्लीचा धुण्याचा दिवस, ऊनही चांगले पडले होते. आल्मा मागच्या दाराशी आली तेव्हा बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चादरी आणि सदरे फडफडत होते. तिच्या अंगणात काही नव्हते.

पलीकडे थर्झाच्या अंगणातही काही नव्हते. एनॉक गेल्यापासून तिला ती न धुण्याची रीत पाळायची गरज उरली नव्हती. ती मागच्या पायरीवर बसली होती, कोरडे हात मांडीवर ठेवून. शेजारी मळक्या कपड्यांची टोपली काठोकाठ भरलेली होती. तिने आल्माकडे पाहिले आणि पायाने ती टोपली हळूच दाराच्या आत सारली.